चकाकी आवरणारा चश्मा : उपयोग आणि मर्यादा

उन्हात ओल्या रस्त्यावरून किंवा मोटारींच्या काचांवरून येणारी चकाकी आपल्याला असह्य होते काय? उतारवयात मोतीबिंदूची सुरुवात असल्यास हा त्रास अधिकच जाणवतो. अशा वेळी ‘पोलराइज्ड’ चश्मा सुचवला जातो. तो घेण्यापूर्वी त्यामागचे तत्त्व समजून घेणे हिताचे आहे.

सूर्यप्रकाशाच्या लहरी त्यांच्या मार्गाशी काटकोनात, सर्व दिशांनी कंप पावतात. मात्र पाणी, काच किंवा ओले डांबर यांवरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश प्रामुख्याने आडव्या दिशेने कंप पावतो. यालाच ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. परावर्तनातून घडणारा हा बदल फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन माल्यूस यांनी १८०८ मध्ये ओळखला. उभ्या गजांच्या खिडकीतून उभी काठी सहज बाहेर जाते, आडवी अडते; पोलराइज्ड काच आडव्या कंपनांना तशीच अडवते. साधा गडद चश्मा सारेच दृश्य अंधुक करतो. हा मात्र नेमकी चकाकी कमी करतो.

चश्मा खरा आहे का, हे दुकानातच पाहता येते. कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसमोर तो धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत आकडे काळवंडले, तर काच पोलराइज्ड आहे. याच कारणाने हा चश्मा घालून रक्तदाबयंत्राचे किंवा ग्लुकोमीटरचे आकडे वाचू नयेत. ते अंधुक किंवा अर्धवट दिसू शकतात.

आणखी काही पथ्ये पाळावीत. अतिनील किरणांपासूनचे संरक्षण हा वेगळा गुण आहे. त्यासाठी ‘यूव्ही ४००’ ही नोंद पाहावी. रात्री, जिन्यात व घरात हा चश्मा वापरू नये. ओली फरशी आपण तिच्या चमकण्यावरूनच ओळखतो. ती चमकच नाहीशी झाली, तर पाय घसरण्याचा धोका वाढतो. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. चकाकीचा त्रास नव्याने सुरू झाला किंवा वाढत चालला, दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर केवळ चश्मा घेऊन समाधान मानू नका. नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. डोळा लाल होऊन दुखत असेल व वलये दिसत असतील, तर त्याच दिवशी जा. हे काचबिंदूच्या तीव्र झटक्याचे लक्षण असू शकते. चश्मा चकाकी अडवतो, आजार नव्हे.