मुंबई बेटाचे कायदे आणि आमचे पंच
(बी. ए. भाग २)

इतिहासाच्या तासाला सरांनी जेराल्ड ऑंजियरचे नाव घेतले, तेव्हा कोहमाऱ्याच्या माझ्यासारख्या मुलाचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटले. पण ग्रंथालयात बसून वाचत गेलो आणि आमच्या घरचीच गोष्ट आठवली.

१६६१ च्या विवाह-तहाने पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिले. १६६८ मध्ये राजाने ते दरसाल १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. सनदेबरोबर कायदे करण्याचा आणि न्याय देण्याचा अधिकारही व्यापाऱ्यांच्या हाती आला. कंपनीने लंडनमध्ये तयार केलेले कायदे १६७० मध्ये बेटावर जाहीर झाले. त्यांत धर्मस्वातंत्र्य होते, १२ जणांच्या ज्यूरीपुढे खटला चालवण्याची तरतूद होती. १६७२ मध्ये गव्हर्नर ऑंजियरने न्यायालय उघडले. जॉर्ज विल्कॉक्स न्यायाधीश झाला. जमिनीचा तंटाही त्याच वर्षी करार करून मिटवला. रयतेने दरसाल २०,००० शेराफिन (तेव्हाचे पोर्तुगीज नाणे) द्यावेत आणि जमिनी आपल्याकडे ठेवाव्यात, असे ठरले.

ऑंजियरला बेटावर वस्ती वाढवायची होती. परमुलखातले व्यापारी आपला धर्म व रीतिरिवाज सुरक्षित असल्याशिवाय येणार नाहीत, हे तो जाणून होता. म्हणून प्रत्येक जमातीने आपले पंच नेमून आपसातले तंटे मिटवावेत, अशी व्यवस्था त्याने केली. सरकारचे काम हलके झाले आणि लोकांना ओळखीच्या माणसांकडून न्याय मिळू लागला. यालाच काही लेखक स्वराज्याचे बीज म्हणतात.

इथे माझे मन अडखळले. माझ्या आत्याने स्वतःच्या पसंतीने लग्न केले, तेव्हा जातीच्या पंचांनी आमचे घर वाळीत टाकले. पंच ओळखीचेच होते. आत्याला मात्र बैठकीत बोलू दिले नाही. आजोबांनी कर्ज काढून जातीला जेवण दिले, तेव्हा पुन्हा पंगतीत घेतले. पंच आपले असले म्हणजे न्याय आपला होतोच असे नाही, हे मी घरीच शिकलो.

मुंबईत वरचा कायदा कंपनीचा आणि खालचा पंचांचा होता. दोन्हींत साध्या माणसाचे मत कोणी विचारले? आज सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार, बाई असो की पुरुष, सभासद आहे. पण ग्रामसभेला आमच्या वस्तीतली किती माणसे जातात? मीही आजवर गेलो नव्हतो. पुढच्या सभेला आत्याला बरोबर घेऊन जाणार आहे. वाचकमित्रांनीही आपापल्या गावी जावे, एवढीच विनंती.