‘मालेगाव का सुपरमॅन’ : उणिवांचे स्वरूप

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथील नासिर शेख यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा अल्पखर्ची चित्रपट निर्मिला. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे त्याची निर्मितिप्रक्रिया सर्वदूर परिचित झाली. हिरव्या पडद्यापुढे चित्रित केलेले नायकाचे उड्डाण कृत्रिम भासते, हे मान्य करावेच लागते. तथापि या उणिवेस ‘निरागसता’ म्हणून गौरविणे प्रस्तुत लेखकास पटत नाही; त्यामागे साधनांचा अभाव आहे. आशयाच्या बाबतीत हा चित्रपट मुळीच उणा नाही. अमेरिकी चित्रकथेतील महानायक येथे तंबाखूविरुद्ध लढतो. ती भूमिका करणारे शफीक शेख स्वतः यंत्रमाग कामगार होते. पुढे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.