जहाज कुठल्या धक्क्याला?

गुजरातमधल्या बारडोलीजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 हजिऱ्याला सुरू होतो आणि पार ओडिशातल्या पारादीपला समुद्र गाठतो. पण 2012 च्या सुमारास हजिऱ्यात कंटेनर उतरू लागेपर्यंत इथल्या मालाला रस्त्याने जवळचं मोठं कंटेनर बंदर न्हावा शेवाच होतं. आजही ज्या कंपनीचं जहाज हजिऱ्याला लागत नाही, तिचा कंटेनरचा डबा अडीचशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला जातो.

26 मे 1989 ला न्हावा शेवा सुरू झालं तेव्हा कंटेनरसाठी टर्मिनल एकच, बंदराचं स्वतःचं. जहाज केव्हा लागणार, एवढाच प्रश्न. 1999 मध्ये पी अँड ओ कंपनीचं टर्मिनल आलं, देशातलं पहिलं खासगी. 2006 मध्ये मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातल्या एपीएम टर्मिनल्सने रेल्वेच्या काँकॉर कंपनीच्या भागीदारीत जीटीआय उभारलं. मग 2015 मध्ये डीपी वर्ल्डचं आणखी एक, 2018 मध्ये सिंगापूरच्या पीएसएचं. खाडी तीच, पण गेटं वेगळी, यार्ड वेगळी आणि दरपत्रकंही वेगळी. आता ‘केव्हा’च्या आधी ‘कुठे’ विचारावं लागू लागलं.

त्याचं उत्तर गणिताने कमी आणि करारांनी जास्त दिलं. जहाज कंपनी टर्मिनलशी धक्क्यावरची आठवड्याची ठरावीक वेळ, म्हणजे ‘विंडो’, बांधून घेते. समूहाचं टर्मिनल असेल तर घरचं जहाज घरच्या धक्क्याला. 2022 मध्ये बंदराचं स्वतःचं टर्मिनलही जे. एम. बक्षी आणि जहाज कंपनी सीएमए सीजीएम यांच्याकडे गेलं, तेव्हा हा कल पक्का झाला. कंपन्यांच्या दृष्टीने यात गैर काही नाही. भुर्दंड मात्र डब्याच्या मालकाला. निर्यातीच्या डब्याला आत शिरायला फॉर्म 13 लागतो आणि त्यावर जहाज व टर्मिनल नेमकं लिहिलेलं असतं. जहाज ऐनवेळी दुसऱ्या धक्क्याला गेलं की कागद नव्याने. डबा आत गेला असेल तर तो उचला, ट्रेलरवर चढवा, शेजारच्या गेटातून पुन्हा आत न्या. रेल्वेचीही तीच गत: एकाच गाडीत तीन टर्मिनलांचे डबे आले की दुहेरी उचल-ठेव ठरलेली. जून 2017 च्या नॉटपेट्या सायबर हल्ल्यात मर्स्कच्या संगणकांबरोबर जीटीआयचं कामही ठप्प झालं, तेव्हा एकाच धक्क्याशी बांधलेल्या मालाचे हाल काय होतात ते उघड दिसलं.

दुसरा खर्च समुद्रात जळतो. वेग आणि इंधन यांचं नातं साधारण घनाचं: वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर तासाचं इंधन चतुर्थांशाहून थोडं जास्त वाचतं, प्रवास लांबतो हे धरूनही बचत पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहते. तरी जहाजं घाईने येतात आणि नांगर टाकून वाट पाहतात! धक्का मोकळा होईल त्याच वेळी पोचा, असं सांगणारी मार्गदर्शिका आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने 2020 मध्ये आली. धक्कावाटपावर संशोधक तर 1990 च्या दशकापासून लिहीत आहेत. खरी मेख अशी की इंधन आणि डब्यांची ने-आण दोन्ही एकाच हिशेबात धरावी लागतात. दोन जहाजांत डब्यांची अदलाबदल असेल, तर एकाला तासभर थांबवून दोघांना एकाच टर्मिनलला लावणं स्वस्त पडू शकतं. सिंगापूरने विखुरलेली टर्मिनलं तुआसला एकवटायला घेतली, त्यामागचं एक कारण टर्मिनलांमधली हीच ट्रकवाहतूक.

2024-25 मध्ये न्हावा शेव्याने 73 लाखांच्या आसपास टीईयू (वीस फुटी डब्यांच्या मापाने) हाताळले. त्याच आर्थिक वर्षात, 30 ऑगस्ट 2024 ला, पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. स्थानिक मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण बंदर झालंच, तर बारडोलीला ते न्हावा शेव्यापेक्षा जवळ असेल आणि त्यात प्रत्येकी 1000 मीटरची नऊ कंटेनर टर्मिनलं असतील. ती निरनिराळ्या कंपन्यांना देण्याआधी टर्मिनलांना जोडणारा आतला रस्ता, सामायिक रेल्वे यार्ड आणि सगळ्यांना बंधनकारक असं एकच धक्का-वेळापत्रक करारातच लिहून घ्यायला हवं. सह्या झाल्यावर कुठलीही कंपनी आपली विंडो सोडणार नाही.