सेलमचे चेटूक-खटले आणि प्यूरिटन श्रद्धा

इ. स. १६९२ च्या प्रारंभी, मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीत, सेलम नावाच्या खेड्यात सॅम्युएल पॅरिस या धर्मोपदेशकाच्या घरी दोन बालिकांना विलक्षण झटके येऊ लागले. एक नऊ वर्षांची, दुसरी अकरा वर्षांची. औषधांनी गुण येईना, तेव्हा हे चेटूक होय असा निर्वाळा देण्यात आला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेरपर्यंत एकोणीस जणांना फाशी झाली होती, आणि खटल्यास संमती न देणारा जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी अंगावर दगड रचून चिरडला गेला होता.

चेटकावरील विश्वास काही प्यूरिटनांचाच नव्हता; त्या काळी साऱ्या युरोपात तो रुजलेला होता. परंतु प्यूरिटन लोक आपला समाज ईश्वराशी करारबद्ध आहे असे मानीत. देवीची साथ, बुडालेले पीक, सरहद्दीवरील लढाई, या प्रत्येक घटनेत त्यांना ईश्वराचा संकेत दिसे. सैतान त्यांच्या लेखी रूपक नव्हता, शेजारी होता. चेटकीण म्हणजे ईश्वराचा करार मोडून त्या शेजाऱ्याशी करार करणारी स्त्री. वसाहतीच्या १६४१ च्या कायद्यात या अपराधास देहान्त शासन सांगितले होते.

खटल्यांचा खरा आधार होता तो 'छायारूपाचा पुरावा'. अमुक स्त्रीची छाया येऊन मला चिमटते, गळा दाबते, असे पीडित मुलगी सांगे. ती छाया इतर कोणासही दिसत नसे. आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरी निजलेली होती, हे सिद्ध करूनही उपयोग नव्हता. मग सारा प्रश्न धर्मशास्त्रावर येऊन ठेपला: निरपराध माणसाचे रूप सैतान घेऊ शकतो काय? ईश्वर तसे घडू देणार नाही, असे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांचे मत होते. एवढ्या एका मतावर माणसांचे प्राण टांगले गेले.

अपराध कबूल करून त्या कबुलीवर ठाम राहणाऱ्या कोणासही फाशी झाली नाही. पण खोटी कबुली म्हणजे आत्म्याचा नाश, ही शिकवणही त्याच धर्माची होती. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्स यांना ज्यूरीने प्रथम निर्दोष ठरविले. न्यायालयाने फेरविचार करावयास लावला आणि निर्णय फिरला. त्यांनी अखेरपर्यंत कबुली दिली नाही. श्रद्धाळू होत्या म्हणूनच त्या मेल्या, असे म्हणावे लागते.

या प्रकारास आळा घालणारा युक्तिवादही धर्मपीठावरूनच आला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इन्क्रीझ मॅदर या वजनदार धर्मगुरूंनी ऑक्टोबर १६९२ मध्ये प्रतिपादन केले की, सैतान निरपराध्याचेही रूप घेऊ शकतो. सबब केवळ छायारूपावरून कोणास दोषी धरू नये. त्याच महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने तसला पुरावा बाजूस ठेवताच बहुतेक आरोपी सुटले.

१६९७ मध्ये प्रायश्चित्ताच्या उपवासदिनी न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहिले, आणि त्यांचा लेखी अपराध-स्वीकार धर्मोपदेशकाने वाचून दाखविला. स्टॉटन यांनी मात्र कधीही चूक मान्य केली नाही. १७०१ मध्ये मृत्यू आला तेव्हा ते वसाहतीचे प्रभारी गव्हर्नर होते.