मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेताय?

• ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात. व्हॅसलीन खिशात ठेवा, दिवसातून अनेकदा लावा. सुटलेली साल ओढू नका.
• गोळी भरल्या पोटी घ्या. जेवणात तूप-तेल असेल तर ती अंगी नीट लागते.
• ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा डॉक्सिसायक्लिन सोबत नको.
• वॅक्सिंग उपचारात आणि नंतर ६ महिने टाळा, त्वचा सोलवटते.
• यकृत आणि चरबीची रक्ततपासणी चुकवू नका.
• या औषधाने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते. उपचाराआधी १ महिन्यापासून संपल्यावर १ महिन्यापर्यंत गर्भधारणा कटाक्षाने टाळा. गोळ्या चालू असताना व नंतर महिनाभर रक्तदान कुणीच करू नये.
• सतत उदास वाटणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे: गोळी थांबवा, लगेच डॉक्टरांना गाठा.