सीपीआर दिला तर केस होते का? कायदा काय सांगतो

हायवेवर अपघात झाला की गर्दी लगेच जमते, पण जखमीला हात लावायला कुणी धजत नाही. ‘मेला तर आपल्यावरच यायचं’ ही भीती. कायदा मात्र मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि तो केंद्राचा असल्याने निपाणीत काय नि कागलात काय, सारखाच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, चांगल्या हेतूने अपघातग्रस्ताला मदत करताना काही चूक झाली, तरी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. कर्नाटकाचा २०१६ चा वेगळा कायदाही आहे.

हे कलम फक्त वाहन अपघातापुरतं. बसस्टँडवर कुणी हृदय बंद पडून कोसळलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आधार देतं: संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेलं काम गुन्हा ठरत नाही.

पण मर्यादा ओळखा. छाती दाबणं (मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल) कुणीही करावं. शॉक देणारं एईडी मशीन स्वतःच सूचना देतं, तेही चालतं. इंजेक्शन, घशात नळी ही डॉक्टरांची कामं. शिकला नसाल तर त्या वाटेला जाऊ नका. पगारी ड्युटीवर असाल, तर हे संरक्षण गृहीत धरू नका.

आधी १०८ किंवा ११२ लावा, मग लगेच छाती दाबायला घ्या.