सूतभर म्हणजे डोंगर!

मुलांनो, सुतारकाका फळी कापताना म्हणतात, "एक सूत जास्त ठेव रे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जवळजवळ ३ मिलिमीटर. लाकडात ते चालतं, रंधा मारून घेता येतो. पण विहिरीवरच्या मोटारीत सूतभर म्हणजे डोंगरच!

मोटारीच्या शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसावं लागतं. शाफ्ट दोन-तीन शतांश मिलिमीटरने बारीक झाला, की बेअरिंगची आतली कडी त्यावर घसरून फिरते, शाफ्ट झिजतो. पुढे रोटर घासून वायंडिंगही जळू शकतं. ऐन उन्हाळ्यात मोटार बंद, पीक वाळतंय! उलट शाफ्ट तेवढाच जाड झाला, तर बेअरिंग आवळतं, तापतं. आपला केसच मुळी साधारण सात शतांश मिलिमीटर जाड. मग त्याहून बारीक फरक मुरलेल्या मिस्त्रीला तरी नुसत्या डोळ्यांनी कसा दिसणार?

म्हणून लेथवरचा कारागीर मायक्रोमीटर घेतो. त्याच्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिरत्या नळीवर रेघा ५०. करा बरं भागाकार! एक रेघ म्हणजे एक शतांश मिलिमीटर.

लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०५च्या सुमारास असंच एक यंत्र बनवलं. कारखान्यात त्याचा निकाल शेवटचा, म्हणून त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत. ते इंग्लंडातलं मोठं न्यायपद होतं.

स्क्रू किती आवळायचा, हेही अंदाजावर नाही. टोकाची रॅचेट कट् कट् वाजली की थांबायचं. आणि कापून गरम झालेला शाफ्ट लगेच मापायचा नाही. १०० मिलिमीटर जाडीचं पोलाद १० अंशांनी तापलं, तरी शतांशभर फुगतं. आधी गार होऊ द्यायचं, मगच माप.